कडब्याचा वाटा

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षर ओळ सोडून खाली उतरलं असेल, तर माफ करावं. ही वही कुणी वाचणार नाही, तरी माफी आधीच मागून ठेवते. सवय आहे. भाकरी करपली तरी मागते, दुसऱ्याचा धक्का मला लागला तरी मीच मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. आमच्या वस्तीवर चौथीच होती. पाचवीला इस्लापूरला चालत जावं लागायचं, आणि मुलगी एवढं चालायला लागली तर पुढं चालतच राहील अशी वडिलांना भीती. म्हणून मी थांबले. मग लग्न होऊन लातूरला आले.

लिहायचं आहे ते भाजीविषयी. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आधीच्या दिवाळीपासूनची ही गोष्ट.

आमचे हे कॉलेजात शिपाई आहेत. कॉलेजच्या मागच्या कॉलनीत मी ज्वारीच्या भाकरी करून देते. तिथल्या बायका शिकलेल्या आहेत, त्यामुळं त्यांना भाकरी थापता येत नाही. त्यात एक प्राध्यापकांच्या मॅडम. त्या पुण्याला बहिणीकडे गेल्या होत्या आणि तिथून एक योजना घेऊन आल्या. भाजी खाणाऱ्यांनी एका शेतकऱ्याला हंगामाच्या आधीच पैसे द्यायचे. मग वीस आठवडे, दर शनिवारी, त्याच्या शेतातली भाजी घरपोच. औषध न मारलेली, ताजी, आपल्या मातीतली. मधे दलाल नाही, बाजार नाही.

मॅडमच्या घरी बैठक भरली तेव्हा मी भाकरीचा डबा घेऊन दाराशी उभी होते. मॅडमनी कागद वाचून दाखवला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: "शेतात जे काही पिकेल, त्यात सर्व सभासदांचा समान वाटा राहील. आले तर आनंद वाटून घेऊ, न आले तर नुकसान वाटून घेऊ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नुकसानीला टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

मग प्रश्न आला, शेतकरी कुठून आणायचा? कुणाकडे जादाचं पातेलं आहे का विचारावं, तसं मॅडमनी विचारलं, "कुणाच्या ओळखीत आहे का हो एखादा प्रामाणिक शेतकरी?" आणि मला काय झालं कोण जाणे, माझं तोंड उघडलं.

"माझी अक्का हाय," मी म्हणाले. "इथनं बारा कोसावर न्हाई, जवळच हाय. बोअरला पाणी हाय तिच्या."

सगळ्या वळून बघायला लागल्या. "अगं बाई, या बोलतात!" एक जण म्हणाली.

"पण खात्रीची आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"मी खात्री देते," मी म्हणाले. चाळीस वर्षांत मी कुणाला काही दिलं असेल तर ते हे.

अक्का माझी थोरली बहीण. ती माझ्याआधी सात वर्षं या बाजूला आली. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, अबोल. शेत तीच बघते. मी कागद घेऊन तिच्या गावी गेले आणि अक्षर लावून लावून तिला वाचून दाखवला. तिनं ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजी बटई," ती म्हणाली.

"बटई न्हाई अक्का, योजना हाय."

"पैसा त्येंचा, राबणं माझं, पिकंल ते वाटून. ह्येला आमच्याकडं बटईच म्हंतेत. इंग्रजीत काय म्हंतेत ते त्यांना माहीत."

मी दहा बायकांचे प्रत्येकी दोन हजार तिच्या हातात ठेवले. अकरावी सभासद मी. माझे दोन हजार भाकरीतले होते, यांना न सांगता साठवलेले. दहा जणींना भाजी पाहिजे होती. मला त्यांच्या यादीत नाव पाहिजे होतं. खोटं कशाला लिहू.

दिवाळीनंतर भाजी सुरू झाली. दाजी शनिवारी सकाळी टमटममधून पोती आणायचे, मी अकरा पिशव्या भरायची. पहिले पाच-सहा शनिवार कॉलनीत लग्नघरासारखा गोंधळ. वांगी, मेथी, शेपू, दोडकी, मुळा, चुका. बायका भाजीचे फोटो काढून एकमेकींना मोबाईलवर पाठवायच्या, आणि ज्यांना पाठवायच्या त्यांच्या पिशवीतही तीच भाजी असायची.

पहिल्यांदा कीड निघाली ती वकिलीण बाईंच्या वांग्यात.

"अहो, हे बघा! जिवंत आहे!"

"औषध मारलेलं नको म्हणाला होतात ना," मी म्हणाले.

"औषध नकोच. पण कीडही नको."

मी हा निरोप अक्काला सांगितला. ती म्हणाली, "किडीला इचारून बघते."

नंतर पाणी कमी व्हायला लागलं. पाऊस झालाच नव्हता, पण पावसाळ्यात झाला नाही हे आमच्या कॉलनीला हिवाळ्यात समजलं, नळ आठवड्यावरून पंधरवड्यावर गेला तेव्हा. मग टँकर. मग टँकरवरून भांडणं. अक्काचा बोअर आधी दिवसाला तीन तास चालायचा, तो अर्ध्या तासावर आला. तिनं दोडकी सोडून दिली, वांगी सोडून दिली, आणि सहा वाफे धरून ठेवले. मेथी, कोथिंबीर, पालक. ते सुद्धा तांब्यानं पाणी घालून. पिशवी हलकी झाली. आधी पाच किलो यायचं ते चार जुड्यांवर आलं.

आता एक वहिनी होत्या, त्यांच्याविषयी लिहिलं पाहिजे. त्यांनी उदगीरला तीन प्लॉट घेतले होते. उदगीर जिल्हा होणार, आज ना उद्या होणारच, म्हणून. कलेक्टर ऑफिस कुठं होणार, एसपी ऑफिस कुठं होणार, हे सगळं त्यांना पाठ होतं. प्लॉट म्हणजे काय, तर बाभळीच्या रानात चुना टाकलेली रेघ. त्याला त्यांनी लाखांत पैसे भरले होते आणि जिल्ह्याची वाट बघत चार वर्षं बसल्या होत्या. कुरकुर नाही, चौकशी नाही. पण शनिवारी त्या स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन दारात उभ्या राहायच्या.

"आठशे ग्रॅम," त्या म्हणायच्या. "मागच्या वेळेला नऊशे होती."

"पाणी न्हाई वहिनी."

"पाणी आम्हालाही नाहीये. आम्ही पैसे द्यायचे थांबवले का?"

पैसे त्यांनी एकदाच दिले होते, दिवाळीच्या आधी. थांबवायला काही शिल्लक नव्हतं. पण हे मला रात्री अंथरुणावर सुचलं. मला सगळं अंथरुणावरच सुचतं.

शिवरात्रीच्या सुमारास अक्काच्या रानातली ज्वारी काढली. ज्वारी कसली, कणीस बाहेर पडायच्या आधी पोटरीतच वाळलेली. दाणा धरलाच नाही, कडबा तेवढा निघाला. त्या वर्षी कडबा काय होता ते शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. पेंढीला तीस रुपये द्यायला लोक तयार होते आणि पेंढी मिळत नव्हती. माणसं जनावरं दावणीची सोडून सरकारी चारा-छावणीत नेऊन बांधत होती. अक्काची दोन्ही बैलं छावणीतच होती.

त्या शनिवारी दाजी टमटमऐवजी टेम्पो घेऊन आले. टेम्पोत कडबा होता. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, असे चार पाचुंदे प्रत्येक सभासदाला. वीस-वीस पेंढ्या.

"हे काय दाजी?" मी म्हणाले.

"तुझ्या अक्कानं वाटा धाडलाय."

त्यांनी आणि टेम्पोवाल्यानं एकेका दारात पेंढ्या रचल्या आणि ते निघून गेले. बटईत दाण्याचा वाटा दिला की कडब्याचाही द्यावा लागतो. दाणा नसला तरी कडबा द्यावाच लागतो. कागदावर लिहिलं होतं, शेतात जे काही पिकेल. भाजीच्या वाफ्यांच्या पलीकडची ज्वारी त्याच रानातली, आणि रीत विहिरीवर मोट चालायची त्या काळापासूनची. अक्कानं आपली बैलं छावणीतच राहू दिली आणि वाटेकऱ्यांचा वाटा वाटेकऱ्यांच्या दारात पोचवला.

कॉलनीत जे झालं ते लिहायला मला अजून लाज वाटते, लाज माझी नसली तरी.

"आम्ही काय म्हशी आहोत?" वकिलीण बाई जिन्यावरून ओरडल्या.

"भाजी संपली तर संपली म्हणायचं! हा काय उद्धटपणा!"

"चप्पल काढायला जागा नाही. आणि याच्यात साप असतो म्हणे."

प्लॉटवाल्या वहिनींनी पेंढीचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, 'आजची सेंद्रिय पालेभाजी'. हे मला संध्याकाळी आमच्या यांनी वाचून दाखवलं. त्यांच्या मोबाईलवर तो कॉलेजातून फिरून आला होता.

एवढ्यात दूधवाला आला. तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला, पेंढ्यांकडं बघितलं, मग वर बायकांकडं बघितलं. त्याचा चेहरा असा झाला की जणू गाभाऱ्याचं दार उघडं सापडलंय आणि पुजारी गावाला गेलाय.

"मॅडम, घाण झाली का हो इथं? काढून नेऊ का?"

"न्या हो, न्या! उपकार होतील."

त्यानं तीन खेपा केल्या. दहा घरांची एक पेंढी सोडली नाही. गळालेल्या काड्या सुद्धा हातानं गोळा केल्या. बायका म्हणाल्या, बिचारा किती मदत करतो. एकीनं त्याला चहा दिला. मी माझ्या वीस पेंढ्या राखत उभी होते. मला सांगता आलं असतं, की अहो, हा पाच-सहा हजारांचा माल चाललाय, दोनशे रुपये तरी मागा. मी माझ्या पेंढ्या पुन्हा मोजल्या. पुढच्या महिन्यात त्यानं चारा महागला म्हणून दुधाचा भाव चार रुपयांनी वाढवला, आणि सगळ्यांनी तो दिला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. घागरी, बादल्या, पाइप, सगळी कॉलनी खाली. प्लॉटवाल्या वहिनी माझ्याकडं वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"ताई, तुमच्या बहिणीनं आमचे पैसे खाल्ले. आणि वर कडबा पाठवून आमची चेष्टा केली. तुम्ही खात्री दिली होती म्हणून आम्ही दिले. पैसे परत पाहिजेत."

"पूर्ण," वकिलीण बाई म्हणाल्या.

मॅडम तिथंच होत्या. कागद त्यांनीच लिहिला होता, नुकसान वाटून घेऊ हे वाक्य त्यांचंच. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या बादलीत किती पाणी झालं ते बघत होत्या.

त्या आठवड्यात सहा घरांनी भाकरी बंद केली. आमचे हे म्हणाले, "मी सांगितलं होतं, त्या लोकांत पडू नको." त्यांनी असं काही सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यांना योजनाच माहीत नव्हती. पण भाकरीचं मला एवढं वाटलं नाही. 'खाल्ले' हा शब्द पोटात गेला. आईनं आम्हा दोघींना दिलं असेल तर एवढंच, की दुसऱ्याचं खायचं नाही. अक्काच्या नावाला तो शब्द माझ्या तोंडामुळं लागला होता.

मी गावी गेले आणि रडत सगळं सांगितलं. अक्का वाफ्याच्या कडेला बसून कोथिंबिरीला पाणी घालत होती. तांब्या थांबला नाही.

"कडबा दूधवाल्याला दिला?" तिनं एवढंच विचारलं.

"हाव."

"फुकट?"

"चहा पाजून."

ती हसली. तिला असं हसताना मी लग्नाच्या आधी बघितलं होतं. तोंडाला पदर लावून ती हसत राहिली, मग डोळे पुसून म्हणाली, "कितीचे पैसे हायेत? धा जणींचे वीस हजार?"

"तीन महिने भाजी खाल्ली त्यांनी अक्का. ती कापून दे."

"खाल्लेलं पोटातनं काढून मागायची आपली रीत न्हाई."

"मग कागद? नुकसान वाटून घेऊ म्हणाल्या होत्या."

"त्येंनी टाळ्या वाजिवल्या होत्या म्हणलीस ना. टाळी वाजिवली की हात मोकळाच राहतो. देऊन टाकू. पर आता माझी भाजी माझी. न्हेऊन बाजारात ईक."

"मी?"

"मग काय मी? मी आले तर पाणी कोण घालंल?"

मी बाजारात बसले. हे मी आत्ता एका ओळीत लिहिलं, पण पहिले दोन दिवस मी पोत्यावर भाजी मांडून पदर नाकापर्यंत ओढून गप्प बसले होते. शेजारची कांदेवाली म्हणाली, "बाई, भाजी ईकायला आलीस का मयताला?" मग तीच माझ्या वतीनं ओरडायची, "ताजी, ताजी, गावची!" आणि बदल्यात एक जुडी घ्यायची.

दुष्काळात एक गोष्ट झाली होती. ती कॉलनीत कुणाच्याच लक्षात आली नव्हती, कारण त्या वजन बघत होत्या. भाव कुणी बघितलाच नव्हता. जी जुडी आधी पाच रुपयांना मिळायची ती आता पंचवीस-तीसला जात होती. ज्या चार जुड्यांना त्या आठशे ग्रॅम म्हणून नाक मुरडायच्या, त्या शंभर रुपयांच्या होत्या. आणि आठवड्याचे त्यांनी शंभरच भरले होते. अक्का त्यांना शेवटपर्यंत भरल्या पैशाचा माल देत होती. आता तोच माल मी पोत्यावर मांडून बसले होते.

एका शनिवारी समोर चपला थांबल्या. प्लॉटवाल्या वहिनी. माझा चेहरा पदरात होता.

"कोथिंबीर कशी?"

"तीस."

"तीस? काय लुटता का? वीसला दे."

"तीस," कांदेवाली माझ्याऐवजी म्हणाली. "समद्या बाजारात अशी ताजी दिसली तर धाला घिऊन जावा."

वहिनींनी जुडी नाकाशी धरली. "वास मात्र छान आहे हं. कुठली ही?"

मी गावाचं नाव सांगितलं आणि पदर बाजूला केला. मी कमरेची पिशवी काढली. त्यांचेच पैसे त्या दिवशी पूर्ण झाले होते. कधी आठवड्यानं, कधी पंधरा दिवसांनी एका जणीचे, असा क्रम आम्ही लावला होता. मी दोन हजार त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी तिथंच उभ्या राहून दोनदा मोजले.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आता कोथिंबीर पंचवीसला द्या की."

मी तीसलाच दिली. दोन जुड्या, साठ रुपये. त्या जायला निघाल्या तेव्हा मी विचारलं, "वहिनी, जिल्हा कधी होणार?" "होईल की," त्या म्हणाल्या. "एवढी काय घाई आहे?"

उन्हाळा चढत गेला. रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लोक स्टेशनवर हार घेऊन गेले. आम्ही दोघी ज्या भागातल्या, तिथं पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याला पाणी वरून पडतं ते बघायला लोक येतात. इथं पाणी चाकांवर आलं ते बघायला गेले. मला जाता आलं नाही, मी बाजारात होते. अक्का एकेक वाफा कमी करत गेली, सहाचे चार केले, चाराचे तीन. जूनपर्यंत नऊ जणींचे पैसे फिटले. कुणी म्हणालं, "अहो कशाला," आणि घेतले. कुणी "उशीर झाला" म्हणून घेतले. वकिलीण बाईंनी पावती लिहून दिली आणि त्यावर माझी सही घेतली. मी त्यांना पैसे देत होते आणि सही माझीच. ते मला पुन्हा अंथरुणावर कळलं. माझे दोन हजार अक्का द्यायला निघाली तेव्हा मी घेतले नाहीत. ती म्हणाली, "सभासद हाईस का बहीण, ते एकदा ठरीव." मी बहीण म्हणाले. ते पैसे गेले ते गेले.

दहाव्या मॅडम. पाण्यामुळं त्या नांदेडला मुलीकडे जाऊन राहिल्या होत्या. अक्का म्हणाली, आपण दोघी जाऊ. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि पैसे रुमालात बांधून पोटाशी खोवले. आम्ही सकाळच्या बसनं नांदेडला गेलो, ऑटोवाल्याला पत्त्याचा कागद दाखवला, आणि चौथ्या मजल्यावर चढलो. लिफ्ट होती, पण ती कशी बोलावतात ते दोघींनाही माहीत नव्हतं.

"अय्या, भाकरीवाल्या ताई! आणि या?"

"मी कडबेवाली," अक्का म्हणाली.

मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग पाणी आणलं, भरून, दोन ग्लास. "मला तर फार वाईट वाटलं हो तेव्हा. मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं."

"हाव," अक्का म्हणाली. "तुमी काहीच लिवलं न्हाई."

मॅडमना ते कौतुक वाटलं. त्या म्हणाल्या, माझे पैसे राहू द्या, माझा विश्वास पहिल्यापासून होता. बाजारात भाज्यांचे भाव बघा, आग लागलीय. पुढच्या हंगामाला माझं नाव पहिलं धरा. इथं मुलीच्या बिल्डिंगमध्ये सुद्धा बायका विचारतायत, नांदेडमध्येही सुरू करता येईल. फक्त कागदात थोडा बदल करू. भाजी म्हणजे नक्की काय, ते लिहू.

"पुढच्या हंगामाचं पुढं," अक्का म्हणाली. तिनं रुमाल सोडला. "हे मोजून घ्या."

"अहो, मोजायचं काय त्यात? तुमच्यावर..."

"मोजा."

मॅडमनी बोटाला थुंकी लावून मोजले. पन्नासाची एक नोट मधे फाटून चिकटवलेली होती. ती त्यांनी बाजूला काढली आणि अवघडून विचारलं, "ही चालेल का हो?"

अक्कानं ती नोट परत घेतली आणि पन्नासाची कोरी दिली. मग कंबरेच्या पिशवीतून दहा रुपये आणखी काढले. कागद छापायचे म्हणून प्रत्येकीकडून घेतलेले दहा, ते न छापता मी अक्काच्याच हातात दिले होते. त्यांची मला आठवण नव्हती. तिला होती.

मी भाकरीच्या हिशेबाची वही पुढं केली. आणि मला आश्चर्य वाटलं, की आवाज माझाच होता. "मॅडम, इथं लिहा. तुमच्या हातानं."

त्यांचं अक्षर फार सुरेख आहे. त्यांनी लिहिलं, 'पूर्ण रक्कम मिळाली,' आणि खाली सही केली.